ओवीच्या आईला भूक दहाव्या दिवशी लागते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही देवगडजवळच्या एका गावात घडणारी किशोरांसाठीची कादंबरी लिहिताय. नायिका ओवी, वय सोळा. मेलेल्या माणसाला ती थोड्या वेळापुरती परत बोलावू शकते. हे तिला कळतं ते आई गेल्यावर. पुढे तिच्या वर्गातली एक मैत्रीण जीव देते, ओवी तिलाही बोलावते, आणि शेवटी एका मांत्रिकाशी तिची गाठ पडते. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. जादूचे नियम कसे ठरवायचे? गोष्ट किती काळी असू द्यायची? ‘नेक्रोमान्सर’ला, म्हणजे मेलेल्यांना बोलावणाऱ्याला, मराठीत म्हणायचं काय? आणि असलं लिहून आपण अंधश्रद्धेला खतपाणी तर घालत नाही ना?

मी बावीस वर्षं किशोरांच्या कादंबऱ्यांचं संपादन करते आहे, चार स्वतःही लिहिल्या आहेत. तुमची तीन प्रकरणं दोनदा वाचली. घर फार छान उतरलंय. पडवीतला झोपाळा, मुंबईहून धावत आलेले बाबा, कोणाशीच न बोलता भांडी घासत बसलेली आजी, हे सगळं मला दिसलं. मग ओवी माळ्यावर जाते, बोट कापून रक्ताचं वर्तुळ काढते, पाच मेणबत्त्या लावते आणि कुठल्याशा अनोळखी भाषेतले शब्द पुटपुटते. तिथे ते घर पुसलं गेलं. घर देवगडचं आणि जादू परक्या मुलखातली, असं झालं. माझ्याकडे येणाऱ्या अशा दहा हस्तलिखितांपैकी सात-आठांत हेच होतं, म्हणून नियमांबद्दल जरा विस्ताराने लिहिते.

मेलेल्या माणसाशी जिवंतांनी कसं वागायचं याचे अतिशय बारीक नियम ओवीच्या घरात आधीच आहेत. आई गेली त्या क्षणापासून ते सुरू झालेत. पायांचे अंगठे बांधले, तोंडात तुळशीपत्र ठेवलं, स्मशानात मडक्याला ज्या दगडाने भोक पाडलं तो दगड जपून घरी आणला. त्याला जीवखडा किंवा अश्मा म्हणतात. दहा दिवस गेलेलं माणूस त्या खड्यात आहे असं धरून त्याच्यावर तिलांजली देतात आणि दहाव्याला तो पाण्यात सोडतात. तुम्हाला जादूची वस्तू हवी होती ना? ती मुठीत मावणारी आहे, काळी आहे, ओली आहे आणि कोनाड्यात ठेवलेली आहे. ती हरवली तर घरातली मोठी माणसं घाबरीघुबरी होतात, हे त्या वयाच्या कोणत्याही मुलीने पाहिलेलं असतं.

आता गरुडपुराण घ्या. त्यात दहा दिवसांच्या दहा पिंडांनी मृताला नवा देह कसा मिळतो याचा क्रम दिलेला आहे. हा देह हाताएवढाच असतो. पहिल्या दिवशीच्या पिंडाने मस्तक तयार होतं. दुसऱ्या दिवशी मान आणि खांदे. तिसऱ्या दिवशी हृदय. मग पाठ, नाभी असं करत नवव्या दिवसापर्यंत पाय पुरे होतात. दहाव्या दिवशी त्या देहाला भूक आणि तहान लागते. हे मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते, कारण इतकी नेमकी, इतकी भीषण आणि इतकी मायेची रचना कोणी बसून ठरवली तरी सुचणार नाही.

तुमच्या कादंबरीत हा क्रम जसाच्या तसा नियम म्हणून वापरून बघा. ओवी पहिल्याच रात्री आईला हाक मारते. आई येते, पण तिला फक्त मस्तक आहे. म्हणजे तिला सगळं आठवतं. कपाटाची किल्ली कुठे आहे, दुधाचे किती द्यायचे राहिलेत, ओवीचा दहावीचा बैठक क्रमांक काय होता, सगळं. माया मात्र तिच्यात नाही, कारण हृदय अजून तयार व्हायचं आहे. ओवी ढसाढसा रडते आहे आणि समोर आईच्या आवाजात कोणीतरी शांतपणे विचारतं, ‘रडतंस कित्याक?’ त्यात काळजी नसते, फक्त प्रश्न असतो. तुमच्या रक्ताच्या वर्तुळापेक्षा हे मला कितीतरी भीतिदायक वाटतं, आणि त्यासाठी रक्ताचा एक थेंबही सांडावा लागलेला नाही.

तिसऱ्या रात्री आई ओवीकडे बघते, जराशी थांबते आणि म्हणते, ‘येणी कोणी घातल्यान तुझी?’ वेणी वाकडी झालेली असते, कारण ती ओवीने स्वतःच घातलेली असते. बस, एवढंच. हृदय आलं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

या क्रमातून पेच आपोआप तयार होतो. तिसऱ्या दिवसापासून नवव्या दिवसापर्यंत ओवीला तिची खरी आई मिळते. आईला हे सगळे अवयव मिळतात ते पिंडांमुळे. दहाव्याला आईला भूक लागणार आणि ती भागवायला पिंड द्यावाच लागणार. भूक भागली की आई जाणार. पिंड दिला नाही तर आई राहील, पण उपाशी राहील. आता सोळा वर्षांच्या मुलीला काय करायचं ते ठरवू द्या. ती आधी स्वार्थीपणे वागेल, जीवखडा लपवेल, एक-दोन दिवस आईला भुकेली ठेवेल, आणि तिला ते बघवणार नाही. तुमची कादंबरी मला इथे दिसते. मांत्रिक नंतर आला तरी चालेल, नाही आला तरी चालेल.

इथे प्रत्यक्षातल्या रिवाजाचं भान ठेवा. हल्ली अनेक घरांत दहाही पिंड दहाव्या दिवशी एकदमच देतात, कारण रजा मिळत नाही, भटजी मिळत नाहीत. ही अडचण गोष्टीच्या उपयोगाची आहे. बाबांना सगळं दहाव्याला उरकायचं आहे, आजी रोजच्या रोज करायचं म्हणते, आणि त्यात आजीचा हट्ट का आहे हे ओवीला उशिरा कळतं. दुसरं म्हणजे, क्रिया परंपरेने मुलगा करतो. तुमच्या आराखड्यात ओवीला भाऊ नाही. मुलींनी अग्नी देणं, दहावं करणं आता बऱ्याच ठिकाणी होतं, तरी गावात कोणीतरी नाक मुरडणारच. ते भांडण लिहा. ज्या हातांनी ती आईला बोलावते त्याच हातांनी तिला पिंड द्यायचे आहेत, हे दोन्ही एकाच मुलीकडे आल्यामुळे गोष्ट घट्ट होते.

आणि हे सगळं करण्याआधी ओवीचं घर कोणत्या समाजाचं आहे ते नक्की करा. वर लिहिलेली रीत सगळ्या मराठी घरांची नाही. लिंगायतांमध्ये दफन करतात. दात न आलेल्या बाळाला अनेक समाजांत पुरतात. मुसलमान घरात चाळीसावा असतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरात दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांची आठवण करतात, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. तुमच्या मेणबत्त्या तिथे शोभतील. कोकणातल्याच दोन शेजारच्या वाड्यांत सुतकाचे दिवस आणि तेराव्याचं जेवण वेगळं असू शकतं. गावात जा, क्रिया करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, विचारा. माणसं याबद्दल मोकळेपणाने बोलतात, फक्त घाईने वही काढू नका.

आता किमतीबद्दल. ‘प्रत्येक जादूला किंमत असते’ हे वाक्य तुम्ही आजीच्या तोंडी घातलंय. ते काढा. किंमत आजीने सांगण्याऐवजी वाचकाने मोजली पाहिजे. महाभारताच्या आदिपर्वात याचे दोन नमुने आहेत. एक रुरूचा. लग्नाआधीच प्रमद्वरेला साप चावतो आणि ती मरते. रुरू आपलं अर्धं आयुष्य देतो आणि ती उठते. सौदा स्वच्छ आहे, आकड्यात मांडता येतो. पण गोष्ट तिथे थांबत नाही, आणि ती मला इथेच आवडते. प्रमद्वरा परत आली, लग्न झालं, तरी रुरूचा राग जात नाही. तो दिसेल तो साप मारत सुटतो, शेवटी डुंडुभ नावाचा एक निरुपद्रवी साप त्याला विचारतो की मी तुझं काय वाकडं केलंय. जे गमावलं होतं ते परत मिळाल्यावरही माणूस पूर्वीचा राहत नाही, हे इतक्या जुन्या गोष्टीला माहीत होतं.

दुसरा नमुना कचाचा. शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या आहे, कच ती शिकायला येतो. असुर त्याला मारून लांडग्यांना खायला घालतात, शुक्र त्याला उठवतात. पुन्हा मारतात, पुन्हा उठवतात. तिसऱ्या वेळी त्याला जाळून ती राख मद्यात मिसळून शुक्रालाच पाजतात. आता कच गुरूच्या पोटात आहे. देवयानी बापाला म्हणते, त्याला उठवा. त्याला उठवलं तर पोट फाडून तो बाहेर येणार आणि बाप मरणार. दोन वेळा फुकट चाललेली जादू तिसऱ्या वेळी अचानक भयंकर महाग होते, आणि त्यासाठी कोणताही नवा नियम आणावा लागत नाही. परिस्थितीच तशी झाली. शुक्र पोटातल्या कचाला विद्या शिकवतात, कच बाहेर येऊन गुरूला उठवतो. पुढे कच लग्नाला नाही म्हणतो तेव्हा देवयानी शाप देते की तुझी विद्या तुला फळणार नाही. ती मुलगी आहे, प्रेमात आहे, मृत्यूवरची विद्या घरातच आहे, आणि तिच्या वाट्याला शेवटी काहीच येत नाही. किशोर कादंबरी लिहिणाऱ्याने हे कथानक एकदा हाताने उतरवून काढावं असं मी कार्यशाळांत सांगते.

ओवीची किंमत मात्र सोळा वर्षांच्या मुलीकडे जे असतं त्यातलीच हवी. अर्धं आयुष्य तिला कळत नाही, त्या वयात आयुष्य संपणारंच नसतं. तिच्याकडे काय आहे? आवाज आहे, वास आहेत, मैत्रिणींबरोबरच्या खाणाखुणा आहेत, आईच्या हातच्या आमटीची चव आहे. दरवेळी हाक मारली की आईची एखादी आठवण ओवीकडून आईकडे जाते, असं करता येईल. आई अधिकाधिक पूर्ण होत जाते आणि ओवीला आई अधिकाधिक अनोळखी होत जाते. हा माझा एक पर्याय झाला, तुम्हाला याहून चांगला सुचेल. परीक्षा एकच: किंमत चुकती केल्याचं वाचकाला एखाद्या साध्या वस्तूतून दिसलं पाहिजे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, असं मानतात. तो झिजलेला तळ डोळ्यांसमोर ठेवा. तुमच्या गोष्टीत काय झिजतं?

माझ्या स्वतःच्या दुसऱ्या कादंबरीत मी ही चूक केली होती. शेवटच्या प्रकरणात मेलेला भाऊ परत आणला होता, पूर्णपणे, कायमचा. छापण्याआधी मी ते एका वाचनगटात मुलांना वाचून दाखवलं. चौदा वर्षांची एक मुलगी चिडून म्हणाली, ‘मग आधी आम्ही रडलो ते कशाला?’ तिचे डोळे खरंच भरलेले होते. मी ते प्रकरण बदललं, आणि तेव्हापासून प्रत्येक हस्तलिखिताला तिचा प्रश्न लावून बघते.

काळोख किती, हा तुमचा दुसरा प्रश्न. तेरा-चौदाच्या पुढच्या वाचकाला तुम्हाला वाटतं त्याहून जास्त पेलतं. त्याने घरात मरण पाहिलेलं असतं, आणि त्याच्याशी त्याबद्दल कोणी बोललेलं नसतं. प्रेताचं वर्णन सरळ करा. नाकातला कापूस, बांधलेले अंगठे, थंड पडलेली कानाची पाळी. पहिल्या रात्री नुसतं मस्तक घेऊन आई येते तेव्हा ओवीची नजर आपसूक त्या अंगठ्यांच्या रिकाम्या जागेकडे जाऊ दे. सडणं, किडे, फाटलेलं मांस यांची पानंच्या पानं मात्र नकोत, वाचक दोन पानांत सरावतो आणि मग त्याला काहीच वाटत नाही.

किशोरवयीन वाचकाला खरा काळोख कुठे दिसतो ते मला एका दहाव्याच्या घाटावर कळलं. माझ्या काकांचं दहावं होतं. पिंड ठेवले, सगळे मागे सरकले. कावळे पिंपळावर बसलेले, पण शिवेनात. अर्धा तास गेला. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगायला लागला. धाकटीचं शिक्षण पुरं करू. आईला अंतर देणार नाही. शेवटी थोरला पुतण्या पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, ‘काका, विहिरीकडचं वावर विकणार नाही.’ कावळा उतरला, घास घेतला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. माझी पंधरा वर्षांची चुलतबहीण कावळ्याकडे बघतच नव्हती. ती त्या पुतण्याच्या तोंडाकडे बघत होती. वावर दीड वर्षात विकलं गेलं. खूप वर्षांनी ती मला म्हणाली, ‘ताई, त्या दिवशी आपण कावळ्याला फसवलं.’

तुमच्या ओवीला मेलेल्याचं ऐकू येतं. म्हणजे घाटावर मोठी माणसं जी वचनं देत असतात ती गेलेल्याला हवीच नव्हती, हे एकट्या तिला माहीत असतं. आईला खरं काय हवं होतं हेही तिला माहीत असतं, आणि ते चारचौघांत बोलता येण्यासारखं नसतं. या प्रसंगासाठी पूर्ण प्रकरण द्या. कावळा शेवटपर्यंत आला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, तोही पर्याय तुमच्या हातात आहे. तो दर्भ ओवीच्या बोटांत असू द्या.

कठोपनिषदातला नचिकेता आठवा. बापाने रागाच्या भरात यमाला देऊन टाकलेला मुलगा. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहतो, अतिथी उपाशी राहिला म्हणून यम तीन वर देतो. मृत्यूनंतर काय, हा प्रसिद्ध प्रश्न तिसऱ्या वराचा. पहिल्या वरात तो काय मागतो? बाबांचा माझ्यावरचा राग जाऊ दे, आणि मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखावं, माझ्याशी बोलावं. साक्षात यम समोर उभा असताना मुलाच्या मनात सगळ्यात आधी घरचं भांडण आहे. मला ओवीसाठी हाच सूर हवा आहे. तिची जादू कितीही मोठी असो, तिला हवंय ते बाबांनी तिच्याकडे बघून एक वाक्य बोलावं.

आता मैत्रिणीच्या आत्महत्येबद्दल, आणि इथे मी कडक होणार आहे. इतर कोणत्याही कादंबरीत हा विषय जपून हाताळावा लागतो, मृत्यूच्या जादूच्या कादंबरीत त्याला आणखी एक धोका चिकटतो. मेलेली मैत्रीण परत येऊन बोलते, तिला सगळं समजतं, तिला त्रास देणारे पस्तावतात आणि ते तिला दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. आधीच काठावर उभा असलेला पंधरा वर्षांचा वाचक यातून असं वाचू शकतो की मेल्यावरही मी असेन, आणि मग तरी माझं ऐकतील. हे चित्र पुस्तकात राहता कामा नये. तिने जीव कसा दिला याचा तपशील काढा, चिठ्ठी काढा. ओवीची हाक तिच्यापर्यंत पोचूच नये, असं मी सुचवेन. ओवी रात्रभर हाक मारते आणि पलीकडून काहीही येत नाही. सकाळी ती मैत्रिणीच्या आईजवळ जाऊन बसते. याचं कारण देऊ नका, नियमात बसवू नका. आणि जिवंत असताना त्या मैत्रिणीने मदत मागण्याची एखादी वाट होती, ती कोणाच्या तरी तोंडून आधीच्या प्रकरणात येऊ द्या. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापायला प्रकाशकाला सांगा. तो मोफत आहे.

शब्दांचं बघू. ‘काळी जादू’ हा शब्द मराठीत रुळलाय, पण आजीच्या तोंडी तो येणार नाही. ती करणी म्हणेल, मूठ मारली म्हणेल, देवाधर्माचं काही असेल तर घाडी (गावातला देवाला कौल लावणारा) आणि गाऱ्हाणं म्हणेल. ‘प्रेतसिद्ध’, ‘शवसाधक’ हे शब्द आहेत, पण ते मांत्रिकाला शोभतील, ओवीला नाही. ‘चेटकीण’ वापरताना थांबून विचार करा. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे. गाव ओवीला चेटकीण म्हणणार असेल तर म्हणू दे, पण त्यामागची दहशत पुस्तकाला ठाऊक असली पाहिजे. ‘मसणजोगी’ हे नाव मांत्रिकासाठी तुम्ही घेतलंय, ते आजच बदला. मसणजोगी ही महाराष्ट्रातली खरी भटकी जमात आहे, त्यांची मुलं शाळेत जातात, त्यांच्यातला कोणी तुमचं पुस्तक उघडेल.

मला विचाराल तर ओवीच्या शक्तीला नावच देऊ नका, क्रियापद द्या. गावात म्हणतील, ‘त्या चेडवाक हाक लागता.’ सर्दी लागावी, उन्हाची झळ लागावी, तशी हाक लागते. एवढ्यावर सगळी कादंबरी निभावते.

भुतांची नावं मात्र भरपूर वापरा, आणि ती कशावरून पडलीत ते पाहा. मुंज झाली पण सोडमुंज (ब्रह्मचर्य संपवण्याचा विधी) व्हायची राहिली, असा मुलगा मेला की मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण. आपल्याकडे भुताची ओळख त्याचं काय अर्धवट राहिलं यावरून असते. मुंजा तर व्याख्येनेच तुमच्या वाचकाच्या वयाचा आहे. पिंपळावर बसलेला, कायमचा बारा-तेरा वर्षांचा, समवयस्क मोठे होताना बघणारा. ओवीला सोबती हवा असेल तर तोच घ्या.

अंधश्रद्धेचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, माझ्यासाठी तो पहिला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते कितीतरी वर्षं झगडत होते. खुनानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. कल्पित गोष्टीला त्या कायद्याची आडकाठी नाही. फसवणूक, छळ, अघोरी उपाय यांच्यासाठी तो आहे. पण त्याची अनुसूची लेखकाने वाचावी. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. तुमच्या सातव्या प्रकरणाच्या आराखड्यात साप चावलेल्या मुलाला मांत्रिक उतारा करून बरं करतो, असं आहे. तो प्रसंग तसा छापला जाऊ नये. मुलाला गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात न्या, वाटेत मांत्रिक आडवा येऊ दे, उशीर होऊ दे, आणि त्या उशिरामुळे ओवीला जे करावं लागतं ते लिहा. मांत्रिक खलनायक म्हणून तिथे खऱ्या अर्थाने उभा राहील. त्याला अंगात कोणतीही शक्ती देऊ नका. त्याच्याकडे फक्त लोकांची भीती आहे, आणि ओवीकडे खरी हाक आहे. तो तिला ओळखतो आणि तिचा धंदा करायला बघतो. असा माणूस वाचकाला बाहेरच्या जगातही ओळखता येईल.

माझी सीमारेषा साधी आहे: पुस्तकातली जादू वाचकाला घरी करून बघता येऊ नये. खरा मंत्र छापू नका, कृती देऊ नका. दहा दिवसांचा देह, जीवखडा, कावळा हे रिवाज आहेत, लोक ते दुःखात करतात, आणि तुम्ही त्यांचा आदर राखून ते कल्पनेत नेताय. त्यातून कोणी फसवलं जात नाही. ओवीला शास्त्राची आवड आहे असं पहिल्या प्रकरणात आहे. तिला शंका घेऊ द्या, आई खरंच येते की आपल्या डोक्यात येते हे तिला पडताळून बघू द्या. या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाने शेवटपर्यंत दिलं नाही तरी मला चालेल.

लांबी, प्रथमपुरुषी निवेदन, मालवणी किती ठेवायची, हे सगळं नंतर बघू. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत, हे तुमचं आत्ता चाललंय तेच बरोबर आहे.

आधी पहिली तीन प्रकरणं पुन्हा लिहा. जीवखडा कोनाड्यात ठेवताना पहिल्याच प्रकरणात दाखवा. आणि एक रिवाज तुमच्याकडून राहून गेलाय. आई जिथे गेली त्या जागी दिवा ठेवतात, शेजारी पीठ पसरतात, त्यावर टोपली पालथी घालतात. नंतर टोपली उचलून पिठावर कसली पावलं उमटलीत ते बघतात. चिमणीची, गाईची, माणसाची, काय दिसेल तसं म्हणतात. ते शेवटच्या प्रकरणासाठी ठेवा. मी लिहीत असते तर टोपली उचलायचं काम आजीला दिलं असतं, आणि त्या वेळी ओवीला विहिरीवर पाणी आणायला पाठवलं असतं.